हळदीला लागलेला चुना

मुलुंड, १२ डिसेंबर १९८५

सुगंधास,

विहीणबाई लिहावं की नुसतं सुगंधा, यातच दोन दिवस गेले. मग म्हटलं, लालबागच्या चाळीत एका नळावर भांडलो तेव्हापासून तू माझी सुगंधाच आहेस. विहीण अजून झाली नाहीस, आणि होणार की नाही ते तुझं तुला माहीत.

परवा तुझ्या दारात येऊन गेले. आत रेडिओ लागला होता. मी कडी वाजवली आणि रेडिओ बंद झाला. एवढं मला कळतं गं. म्हणून आता पोस्टाने येते, पोस्टमनला तरी दार उघडशील.

जे झालं ते तुला तुझ्या नणंदेच्या, रुक्मिणीताईंच्या तोंडून कळलंय. तू इथे नव्हतीस, जोगेश्वरीला तुझ्या शरदची हळद चालू होती. म्हणून मी पाहिलं ते लिहिते, तिखटमीठ न लावता.

शनिवारी सकाळी रुक्मिणीताई उष्टी हळद घेऊन आल्या. मांडव आमच्या वाडीच्या अंगणात, तुझ्या नवऱ्याने पावसाआधी पाठवलेल्या त्या काळ्या खडीवर. एरवी विहिरीभोवती बारा महिने चिखल असतो. त्या दिवशी एकाही पाहुण्याचा पाय बरबटला नाही. काशीरामभावोजींचे ते उपकार मी आजही मानते. माझ्या मीराला पाटावर बसवलं, सवाष्णींनी हळद लावली, विहिरीचं पाणी तापवलं होतं ते तिच्या अंगावर ओतलं. पहिल्या तांब्याला काही नाही. दुसऱ्या तांब्याला खांद्यावरून लाल ओघळ आले. पिवळं पातळ बघता बघता तांबडं झालं आणि पाटाखालून लाल पाणी वाहायला लागलं. मीरा हसत होती. तिला वाटलं मैत्रिणींनी गंमत म्हणून पाण्यात रंग टाकला. तेवढ्यात रुक्मिणीताई ओरडल्या, "अगो बायो, हळदीचा रगात झाला. ह्या लक्षण बरा नाय." आणि हळदीची वाटी तिथेच ठेवून रिक्षा बघायला गेल्या.

संध्याकाळी तुमचा निरोप आला, लग्न पुढे ढकलू. पुढे म्हणजे कधी, ते कोणी सांगितलं नाही.

मीरा सोमवारपासून कामावर जाते आहे. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला बसते ना ती, तिथल्या मुलींसाठी पेढे घेऊन ठेवले होते ते आम्ही घरीच संपवले. वाडीतल्या दोघी बायका विहिरीवर ओटी ठेवून आल्या, देवी कोपली म्हणून. एकीने मला विचारलं, मुलीला कुठे उतारा-बितारा ओलांडला गेला होता का. मी तिच्याशी बोलणं टाकलंय.

माझ्या मुलीच्या अंगात काही वाईट नाही. हळद लाल झाली त्याला कारण असणार आणि मी ते शोधून काढणार. मला राग आलाय, सुगंधा, तुझाही आलाय. एवढंच सांगायला हे पत्र.

वनमाला

*

मुलुंड, २९ डिसेंबर १९८५

सुगंधास,

उत्तर नाही. बरं. मी लिहितच राहणार, तिकिटं घेऊन ठेवली आहेत.

कारण सापडलं. म्हणजे अर्धं सापडलं. सापडलं ते बांगड्यामुळे, आणि हे वाचून तू हसलीस तर मला आवडेल.

आमच्याकडे अंजनाबाई येते मासे घेऊन. खाडीकडच्या कोळीवाड्यातली, तोंडाने फटकळ, मापाने सढळ. रविवारी तिच्याकडून बांगडे घेतले, हळद-मीठ चोळलं आणि हात धुवायला विहिरीवर गेले. पोहरा हातावर ओतला तर हात लाल. मनगटापर्यंत, मेंदी काढल्यासारखे. मी जागीच बसले. अंजनाबाईने पाटी खाली ठेवली, माझे हात उलटेपालटे केले आणि म्हणाली, "मावरं नासलं नाय बाय. पानी नासलंय तुजं." मग मी घरातल्या नळाच्या पाण्याने हळद कालवून पाहिली. पिवळी ती पिवळीच.

अगं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आपण लहानपणी भातुकलीत हेच करायचो. पण त्या दिवशी मांडवात पन्नास बायका होत्या आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. अशा वेळी माणूस देवाकडे बघतं, पाण्याकडे बघत नाही.

आता चुना विहिरीत कसा, ते ऐक. गणपतीनंतर पाणी पांढुरकं दिसायला लागलं. पायऱ्यांवर पांढरी खपली धरली. हाताला साबणासारखं बुळबुळीत. आपल्याकडे गावी विहीर उपसली की चुनकळी टाकतात, तसाच हा चुना असं सगळ्यांनी धरलं. आमचे हे तर छाती काढून फिरले. त्यांनी गेल्या वर्षी विहीर साफ करा म्हणून महापालिकेला कळवलं होतं. "बघ, माझ्या अर्जाचो गुण," म्हणाले, "म्युन्सिपाल्टीन चुनो टाकल्यान." वाडीने विहिरीवर नारळ फोडला आणि तो ह्यांच्या हातून. मलेरियावाल्यांनी सोडलेले गप्पी मासे उलटे होऊन तरंगले, तेव्हा म्हणाले, जंतू मरतात तिथे मासे मरायचेच. चहा काळाकुट्ट व्हायला लागला, डाळ चटकन शिजायला लागली, कपडे कमी साबणात निघायला लागले. बायका खूश. मीही खूश होते. अंगाला खाज यायची ती आम्ही थंडीवर ढकलली, डाळ तांबूस दिसायची ती भेसळीच्या हळदीवर.

म्हणजे चूक महापालिकेची, चुना जास्त पडला, असं मी ठरवलं आणि वॉर्ड ऑफिसात भांडायला गेले. तिथे भीमराज म्हणून इंजिनिअर आहेत. माणूस बरा. त्यांनी मला पुरतं भांडू दिलं, मग म्हणाले, "ताई, आम्ही विहिरीत जंतू मारायची पावडर टाकतो. चुना आम्ही टाकत नाही, आणि तुमच्या विहिरीत तर कोणी पावडरही टाकलेली नाही." दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, ती गडद निळी झाली. त्यांनी बाटली भरून नेली आणि पिऊ नका असं सांगून गेले. अर्जाचा गुण ऐकून आमचे हे संध्याकाळी जेवले नाहीत.

तेव्हा रुक्मिणीताईंना सांग, ते रक्त नव्हतं, कुंकू होतं. पाहिजे तर इथे ये, तुझ्या डोळ्यांसमोर करून दाखवते.

पण चुना आला कुठून, ते अजून कळलेलं नाही. तेही काढते.

वनमाला

*

मुलुंड, १६ जानेवारी १९८६

सुगंधा,

तिळगूळ पाठवते आहे. गोड बोल असं म्हणणार नाही, कारण मी आज गोड बोलणार नाही.

हे पत्र चार वेळा फाडलं. लिहायचं ते लिहिलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, आणि नाही लिहिलं तर मला माझंच तोंड बघवणार नाही.

चुना तुमच्या खडीतून आला.

मला हे सुचलं नव्हतं. मीराला सुचलं. ती म्हणाली, "आई, पाणी पाणी काय करतेस? पाण्यात जे झिरपतं ते बघू ना." तिने डबे घेतले. एकात विटेचा तुकडा, एकात रस्त्यावरची साधी खडी, एकात आपल्या अंगणातली काळी. वर नळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत चिमूटभर हळद टाकली. काळ्या खडीचा डबा लाल, बाकीचे पिवळे. परत केलं, परत तेच. पावसाळाभर त्या खडीतून पाणी उतरून विहिरीत गेलं, आणि खडी विहिरीच्या कठड्यापर्यंत पसरली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आमच्या आडात ते कुठून आलं, ते आम्हाला असं कळलं.

भीमराज साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, ही भट्टीतली खडी. लोखंड वितळलं की त्यावर मळ येतो, तो ओतून थंड केला की असा दगड होतो. त्याला ते स्लॅग म्हणतात. भट्टीत चुनखडी घालतात, म्हणून त्यात चुना. वाईट माल नाही म्हणाले, डांबराखाली घातली तर रस्ता चांगला टिकतो, डोंगर फोडायला नको. पण भट्टीतून आल्यावर ती उघड्यावर पडून निवायला लागते, ऊन-पाऊस खायला लागतो. "भाकरीच्या उलट आहे," म्हणाले, "ही शिळीच चांगली. ताजी असेल तर चुना सुटतो, आणि फुगतेही." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमचा नवा ओटा मध्येच वर का आलाय आणि दार उंबऱ्याला का घासतंय. त्याखालीही तुमचीच खडी आहे. आमचे हे सुताराला शिव्या देत होते.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी अंगणात केलं. बायका येतील की नाही अशी धाकधूक होती. आल्या, निदान बघायला म्हणून आल्या. सगळ्यांसमोर नळाच्या पाण्यात आणि विहिरीच्या पाण्यात हळद कालवली. ओटी ठेवून आलेल्या दोघींनी आपापल्या हाताने पुन्हा कालवून पाहिली. एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे पोरीचा काय नव्हता." मीरा तिथेच तिळगूळ वाटत होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सुगंधा, महिनाभर ती मुलगी रडली नव्हती.

तुझ्या नवऱ्याने आम्हाला चुना लावला. ही शिवी समजू नकोस, जे घडलं तेच लिहिते आहे. लेकीच्या लग्नाला मांडवाची सोय व्हावी म्हणून व्याह्याने प्रेमाने पाठवलेल्या खडीने तिचं लग्न मोडलं. असा आहेर मी तरी कुठे पाहिला नाही.

खडी उचलावी आणि ज्या कारखान्याची आहे त्याने ती परत न्यावी, असा अर्ज मी वॉर्ड ऑफिसात दिलाय. वाडीच्या सह्या घेतल्यात. ह्यांचीही घेतली, पाव तास भांडून. भावोजी त्याच कारखान्यात खडीच्या ढिगावर ट्रक भरण्याचं बघतात, त्यांना त्रास होईल हे मला दिसतंय. पण विहीर सगळ्या वाडीची आहे. नळाला सकाळी तासभर पाणी, तेवढ्यावर इतकी घरं चालत नाहीत.

वनमाला

*

मुलुंड, २३ फेब्रुवारी १९८६

सुगंधा,

तू बोलत नाहीस, पण तुमच्या घरातून बातम्या येतात.

गेल्या आठवड्यात एक ट्रक आला. ड्रायव्हर लवू, मालवणकडचा, म्हणाला काशीरामशेटनी धाडलंय, खडी भरून न्यायची, कोणाला काही सांगायचं नाही. मी म्हटलं, देव पावला. वाडीतले पुरुष फावडी घेऊन आले. निम्मा ट्रक भरला असेल, तेवढ्यात अंजनाबाई पाटी घेऊन दारात. तिने लवूला विचारलं, हे टाकणार कुठे. तो भाबडेपणाने म्हणाला, "खाडयेकडे गो. खाजणात भराव चाललोहा थंय."

अंजनाबाईने पाटी खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. पण ती हळू आवाजात माझ्याशी बोलली, लवूशी नाही. "वनमाला, तुजी विहीर ती विहीर, न् आमची खाडी काय उकिरडा हाय? तितं आमची चिंबोरी हाय, निवट्या हायेत. हिकडचे मासे मेले, तितले जगतील का?"

महिनाभर मी हळद कालवत हिंडले, आणि आमची घाण दुसऱ्याच्या दारात जातेय हे मला विचारायचंसुद्धा सुचलं नाही. मी लवूला म्हटलं, ट्रक रिकामा कर. आमचे हे धावत आले. "खुळावलंस काय? आयती जाताहा ती जावंदे." वाडीतल्या पुरुषांनी फावडी टाकली आणि ते घरी गेले. ट्रक मी, मीरा, अंजनाबाई आणि बिचारा लवू असा चौघांनी मिळून खाली केला. तेव्हापासून वाडीत माझ्याशी कोणी धड बोलत नाही. बोलू नका म्हणावं. खडी ज्या दारातून निघाली त्या दारात जाईल, तिसरीकडे जाणार नाही.

आणि मग रविवारी शरद आला. तुला सांगून आला की न सांगता, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. दारात उभा राहिला आणि चप्पल काढू की नको असं करत होता. मीरा चहा घेऊन आली. दोघं एकमेकांना नुसतं "कसं काय" म्हणाले. मला ते बघवेना.

शरदने जे सांगितलं ते ऐकून माझा राग कुठे ठेवू ते मला कळेना. तो म्हणाला, कारखान्यात दोन ढीग आहेत. मागचा जुना, वर्षभर पावसात पडलेला, त्यावर गवत उगवलंय. बाहेर द्यायची ती खडी तिथून द्यायची असा नियम. भावोजी आमच्यासाठी ट्रक भरायला उभे राहिले आणि त्यांनी तो गवताचा ढीग पाहिला. व्याह्यांच्या अंगणात असलं शिळं, भिजकं कसं टाकायचं, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी पुढच्या ढिगातली ताजी, चकचकीत भरली. घरी येऊन सांगितलंही होतं म्हणे, "व्याह्यांका बरो माल धाडलंय."

सुगंधा, मी हसले आणि मला रडूही आलं. पाहुण्याला शिळं वाढू नये, हे आपल्या हाडात आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. आपल्या माणसाला चांगलं द्यावं म्हणून त्या माणसाने ताजी खडी निवडली आणि तेवढ्यावर सगळं फिरलं.

आता ते घाबरलेत, ढिगाचा नियम मोडला म्हणून. माझा त्यांच्यावरचा राग गेलाय, हे त्यांना सांग. अर्ज मात्र आहे तिथेच आहे.

वनमाला

*

मुलुंड, ३० मार्च १९८६

सुगंधा,

तुझं पत्र आलं. पाकीट मी दारातच उभ्या उभ्या फोडलं. चार महिन्यांनी तुझं अक्षर.

तू लिहितेस, झालं गेलं विसरू. रुक्मिणीताईंना पटलंय. वैशाखात मुहूर्त आहे. मुलुंडला शरद दर रविवारी येऊन खडी खणतोय, अंगण उखडलेलं, तर जोगेश्वरीत हॉल घेऊ, खर्च तुम्ही बघाल. फक्त अर्ज मागे घ्यायचा आणि ढिगाची गोष्ट कुठे काढायची नाही.

तुला खरं सांगते, मी हो म्हणणार होते. पत्र वाचून मी देवाला साखर ठेवली. आमचे हे लगेच पंचांग घेऊन बसले. दिवसभर माझ्या डोक्यात हॉलच होता, कोणत्या जावेला कुठे बसवायचं इथपर्यंत. पाणी काय, नळाचं आहे, भागवू, असंही मनाशी म्हटलं. तुझ्याजवळ लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी लवू आला. तो आता येतो अधूनमधून, अंजनाबाईकडून मासे घेतो. बोलता बोलता म्हणाला, सध्या ताज्या ढिगालाच मागणी आहे, दिसायला देखणी म्हणून ठेकेदार तीच मागतात, आणि कोणी अडवत नाही. परवापासून तो एका शाळेच्या मैदानात टाकतोय. मैदानाच्या कडेला बोअरिंग आहे, मुलं हापसून पाणी पितात.

मी मीराकडे बघितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आई, माझ्यासाठी अर्ज मागे घेऊ नकोस. लग्नात मला सगळे विचारतील, मिटलं कसं? मी काय सांगू?" आमचे हे चिडले. म्हणाले, "चार महिने पोरगी वाळीत पडल्यासारखी ऱ्हवली. आता दार उघडताहा तर तुमी दोघी कडी लावतास." त्यांचंही खोटं नाही. ते बाप आहेत.

मी भीमराज साहेबांकडे गेले. ते म्हणाले, मैदानाची खडी थांबवता येईल, पण ती ताज्या ढिगातली आहे हे कोणीतरी आतल्या माणसाने सांगायला हवं. कारखाना म्हणतो, आम्ही जुनीच देतो. लवू मालकाच्या ट्रकवर आहे, तो सही करणार नाही. माझ्या हळदीवर साहेबांचा विश्वास आहे, पण त्यांच्या वरच्यांचा बसायला पाण्याचा रिपोर्ट लागेल आणि तो यायला पाऊस उजाडेल. एकदा पाऊस पडला की शाळेचं पाणीही आमच्यासारखं होईल.

तो आतला माणूस कोण, ते तुला मी सांगायला नको.

म्हणून माझं उत्तर हे. हॉल नको. मुहूर्त आत्ता नको. अर्ज मागे घेणार नाही. भावोजींना म्हणावं, तुम्ही आम्हाला ताजी दिलीत ती मायेने दिलीत, ते आम्ही जन्मभर सांगू. पण त्या शाळेतली मुलं काही तुमचे व्याही नाहीत. त्यांच्यासाठी एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन खरं बोला.

ह्यामुळे लग्न कायमचं मोडलं तर मोडलं. या वेळी मी पत्र फाडणार नाही. मीरा स्वतः पेटीत टाकून येते म्हणाली.

तुझीच,
वनमाला

*

मुलुंड, ५ मे १९८६

सुगंधा,

तू माझ्यावर रागावून बसली आहेस असं शरद सांगतो. मी तुझ्या नवऱ्याची नोकरी घालवायला निघाले, असं तू म्हणतेस. रागाव. पण इकडे काय चाललंय ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल, कारण तुझ्या घरातले दोन्ही पुरुष सांगण्यात मुलखाचे आळशी आहेत.

शरद रविवारी-रविवारी येऊन खणत होता, ते तुला माहीत आहे. मागच्या रविवारी त्याच्यामागून भावोजी आले. ओट्यावर बसले, त्याच फुगलेल्या ओट्यावर. बराच वेळ हाताने तो उंचवटा चाचपत होते. आमच्या ह्यांनी तंबाखू पुढे केली. मग भावोजींनी शर्ट काढून खुंटीला लावला, मीराच्या हातातलं फावडं घेतलं आणि म्हणाले, "बाये, तू बस. ह्या माझा काम." मीरा बसली नाही. ती घमेलं उचलायला लागली.

मंगळवारी ते एकटेच वॉर्ड ऑफिसात गेले. आमच्याकडे नियमाने जुनी खडी देतात, हल्ली ताजी जाते, पहिल्यांदा मीच दिली, असं सगळं सांगून त्यांनी सही केली. भीमराज साहेब मला म्हणाले, असा माणूस मी पाहिला नाही. शाळेच्या मैदानातलं काम थांबलंय. कारखान्याला आपली खडी परत न्यायला लेखी सांगितलंय, आमची आणि शाळेची दोन्ही. ते वाद घालतील, वकील लावतील, घालू देत. तोवर आम्ही ती खणून विहिरीपासून लांब ताडपत्रीवर रचतोय, वरूनही ताडपत्री घालणार. वाडीतली माणसं एकेक करून परत यायला लागली आहेत. फावडी आणतात आणि काही झालंच नाही असं दाखवतात. मीही तसंच दाखवते.

भावोजींना ढिगावरून काढून गेटवर बसवलंय. हे तुला बोचतंय, मला माहीत आहे. मलाही बोचतं. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि होणार नाही असं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. काही झालं तर एका चुलीवर दोन घरं जेवतील, लालबागला गिरणीच्या संपात आपण तेच केलं होतं.

रुक्मिणीताई काल आल्या होत्या. मीराजवळ बसल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. मीराने त्यांना चहा दिला, पण सोडलं नाही. म्हणाली, "आत्या, त्या दिवशी तुम्ही थांबला असतात ना, तर मला एवढं लागलं नसतं." त्या मान खाली घालून हो म्हणाल्या. मला बरं वाटलं, तिने ते मनात ठेवलं नाही म्हणून.

मुहूर्ताचं तू काढू नकोस, मीही काढत नाही. मीराने शरदला सांगितलंय, विहिरीचं पाणी भीमराज साहेब पास करतील त्यानंतर ती बोलेल. एका पावसात ते व्हायचं नाही, कदाचित दोन लागतील. शरद म्हणाला, चालेल, आणि पुन्हा खड्ड्यात उतरला. ही दोघं आपल्याला विचारायची थांबली आहेत, तुझ्या लक्षात आलं का?

तुझा मुलगा माझ्या अंगणात आहे, तुझा नवरा माझ्या अंगणात आहे, आणि तू जोगेश्वरीत एकटी रेडिओ लावून बसली आहेस. पावसाला फार दिवस नाहीत आणि विहिरीची डोंगराकडची बाजू अजून तशीच आहे. दुपारचा स्वयंपाक मी एकटी रेटते आहे, वर माती उपसायची.

उद्या ये. येताना घमेलं आण, आमची दोन्ही फुटली.

वनमाला